आहे, पण सापडत नाही

मराठीतून विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांची एक जुनी तक्रार आहे: मराठीत साहित्यच मिळत नाही. ही तक्रार आता निम्मीच खरी उरली आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोशाचे खंड महाजालावर वाचता येतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून हळूहळू वाढतो आहे. पुण्याच्या आयुकामधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी, त्यांच्या चित्रफिती आणि कितीतरी पुस्तके कोणालाही फुकट मिळतात. शिवाय केंद्र सरकारचा २०१७ मध्ये सुरू झालेला 'दीक्षा' हा मंच आहे. कोठार भरलेले नाही हे मान्य, पण ते रिकामे आहे असे म्हणणे आता अन्यायाचे होईल.

आमचा आक्षेप निराळा आहे. हे साहित्य करणाऱ्यांनी ते महाजालावर ठेवण्याचा विचार केला. ते विद्यार्थ्याला सापडेल कसे आणि सापडल्यावर तो ते मित्राला देईल कसे, हा विचार मात्र फार थोड्यांनी केला. घरात वस्तू आहे, पण ती कुठे ठेवली आहे हे फक्त ठेवणाऱ्याला ठाऊक, अशातला हा प्रकार आहे. त्यात नुकसान होते ते इंग्रजी न येणाऱ्या मुलांचे. ती शोधतात, त्यांना काही मिळत नाही, आणि आपल्या भाषेत हे ज्ञान नाहीच असा निष्कर्ष ती काढतात. हा निष्कर्ष चुकीचा असला तरी त्यांच्या बाजूने पाहिले तर पुराव्यावर आधारलेला आहे.

एक उदाहरण घेऊन पाहू. मुंबईच्या उत्तरेला, वसईच्या खाडीच्या अलीकडे मीरा-भाईंदर हे शहर आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. आता तिथे उंच इमारतींची दाटी असली तरी शहराच्या कडेने खाडी आहे, खारफुटी आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांवर मीठ पिकवले गेले त्या मिठागरांच्या जमिनी आहेत. समजा, भाईंदरमधल्या एका मुलीला शाळेत बाष्पीभवन आणि स्फटिकीभवन शिकवले. परीक्षानळीत द्रावण तापवून क्षार मिळवला की प्रयोग संपला. तिच्या मनात मात्र प्रश्न आला की, आपल्या घरामागच्या मिठागरात हेच होत असेल का?

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर पाठापेक्षा रंजक आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते सगळे खाण्याचे मीठ नव्हे. पाणी उन्हात आटू लागले की प्रथम कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडते. आणखी आटले की जिप्सम. पाणी मूळ आकारमानाच्या सुमारे एकदशांशावर आले म्हणजे मिठाचे स्फटिक धरू लागतात. मॅग्नेशियमचे कडवट क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात, म्हणून ते उरलेले पाणी वेळीच काढून टाकावे लागते. मिठागरात पाणी एका उथळ कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात खेळवतात ते याचसाठी. एकेक क्षार त्याच्या त्याच्या मुक्कामावर उतरवून घ्यायचा. आगरी माणसाने हे रसायनशास्त्र पुस्तकातून शिकलेले नव्हते, पण ते होते रसायनशास्त्रच.

आता ही मुलगी एखाद्या शैक्षणिक संकेतस्थळावरच्या शोधचौकटीत 'मीठ' हा शब्द लिहिते. समजा, त्या संकेतस्थळावर मिठागरांवर एक उत्तम लेख आहे, आणि त्यात 'मिठागर', 'मिठाचे', 'मिठाला' असे शब्द पन्नास वेळा आले आहेत. तरीही यंत्र सांगते, काही सापडले नाही. कारण 'मीठ' मधला मी दीर्घ आणि 'मिठागर' मधला मि ह्रस्व. सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ इकार-उकार ह्रस्व होतो हा नियम मराठीच्या प्रत्येक शिक्षकाला पाठ आहे: दूध-दुधाचे, वीज-विजेचा, फूल-फुलाला. यंत्राला तो कोणी सांगितलेला नाही. यंत्र अक्षराशी अक्षर जुळवते, आणि इथे दुसरेच अक्षर जुळत नाही.

शोधयंत्राचे काम समजायला पुस्तकाच्या शेवटी असते ती शब्दसूची डोळ्यांपुढे आणावी. यंत्र सगळी पाने आधीच वाचून अशी एक अवाढव्य सूची करून ठेवते: हा शब्द, या या पानांवर. आपण शब्द विचारला की ते पाने चाळत नाही, सूचीत पाहते. सूचीत शब्द ज्या रूपात टिपला असेल त्याच रूपात विचारला तरच उत्तर येते. इंग्रजीत ही अडचण कमी आहे. 'वॉटर' हा शब्द पाण्यात असो, पाण्यावर असो की पाण्याखाली असो, 'वॉटर'च राहतो. बाकीचे अर्थ शेजारच्या सुट्या शब्दांत असतात. जी थोडी रूपे बदलतात ती कापून मूळ शब्द काढण्याची एक सोपी रीत मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्येच प्रसिद्ध केली आणि ती जगभर रुळली. मराठीत 'पाणी' शब्दाची पाण्याचा, पाण्याने, पाण्यात, पाण्यातून, पाण्याखाली, पाण्यामुळे अशी रूपे मोजू लागलो तर एका फळ्यावर मावणार नाहीत, आणि गंमत म्हणजे त्यांतल्या एकातही 'पाणी' जसेच्या तसे नाही.

मोठ्या शोधयंत्रांनी ही अडचण अलीकडे बरीच ओळखली आहे, हे न्यायाला धरून सांगितले पाहिजे. परंतु विद्यार्थ्याची गाठ नेहमी मोठ्या शोधयंत्राशी पडत नाही. संकेतस्थळाची स्वतःची शोधचौकट, पीडीएफ वाचण्याच्या साधनातला शोध, मोबाइलमधल्या फाइलींचा शोध ही सारी सामान्यतः अक्षराला अक्षर जुळवणारीच असतात. भाषा आणि संगणक यांवर काम करणारी मंडळी दूर नाहीत. पवईच्या आयआयटीत मराठी वर्डनेट म्हणजे समानार्थी शब्दांचे जाळे तयार झालेले आहे. शैक्षणिक संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी अशा कामाचा उपयोग करून घेतल्याचे क्वचितच दिसते. संकेतस्थळाचे काम निविदेने दिले जाते. निविदेत रंग, चित्रे, मुखपृष्ठ यांची वर्णने असतात. 'मीठ' शोधले असता 'मिठागर' सापडले पाहिजे अशी अट घातलेली आमच्या तरी पाहण्यात नाही.

व्याकरणाच्या पलीकडे शब्दांचीच अडचण आहे. उत्तनच्या किनाऱ्याकडची मुले खाडीकाठच्या झाडाला तिवर म्हणतात. शाळेच्या पुस्तकात ते खारफुटी होते. वनखात्याच्या भाषेत ते कांदळवन आहे. राज्यात २०१२ पासून कांदळवन कक्ष काम करतो आहे. वर्तमानपत्रात मँग्रोव्ह. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे चार शब्द एकाच अर्थाचे नाहीत. तिवर ही एक विशिष्ट प्रजाती, अव्हिसेनिया, कांदळ निराळी, आणि २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर झालेली पांढरी चिप्पी आणखी निराळी. खारफुटी हे त्या सगळ्या समूहाचे नाव. मुलाला यातला एकच शब्द येतो, आणि तो बहुधा पुस्तकातला नसतो. तिवराच्या पानावर जमणारे मिठाचे कण त्याने बोट लावून चाखलेले असतात. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली श्वसनमुळे त्याने पाहिलेली असतात. एवढे जाणणाऱ्या मुलाला आपण केवळ शब्द वेगळा म्हणून दारातून परत पाठवतो.

परिभाषा एकसारखी हवी हे शास्त्रज्ञ म्हणून आम्हालाही पटते. भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे मोठे काम केले आहे आणि त्यातील शब्द आता महाजालावर पाहता येतात. पण परिभाषा लिहिणाऱ्यासाठी असते. शोधणाऱ्याला तिची सक्ती करता येत नाही, कारण ज्याला योग्य संज्ञा माहीत आहे त्याने अर्धा पाठ आधीच शिकलेला असतो. ग्रंथालयातील जुन्या तालिकापेटीत हा प्रश्न कधीच सोडवलेला होता. 'तिवर' या कार्डावर 'पाहा: खारफुटी' एवढेच लिहिलेले असे. विकिपीडियात यालाच पुनर्निर्देशन म्हणतात, आणि असे पान करायला दोन मिनिटे पुरतात. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांचा रोख असा होता की, कपाटात किती पुस्तके आहेत यावर ग्रंथालयाची किंमत ठरत नाही, वाचकाची आणि पुस्तकाची गाठ किती लवकर पडते यावर ठरते. आपल्या संकेतस्थळांच्या उद्‌घाटनाच्या बातम्यांत मात्र नेहमी किती हजार साधने चढवली याचाच आकडा असतो.

यापुढची अडचण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती जास्त त्रासदायक आहे. संगणक अक्षर ओळखतो ते क्रमांकाने. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक दिलेले आहेत. त्यात 'क' म्हणजे २३२५. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तिच्यात देवनागरी होती. भारतीय मानक ब्यूरोचे इस्की हे मानकही १९९१ चेच. पण त्याच काळात आपल्या छपाईचा धंदा संगणकावर आला आणि त्याने सोयीचा मार्ग धरला. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसवली. प्रत्येक टंकाची घरे वेगळी. कागदावर छापले की सगळे ठीक दिसे. महाजालावर चढवलेल्या अनेक मराठी पुस्तकांच्या पोटात अजून हेच टंक आहेत. डोळ्याला 'मिठागर' दिसते. यंत्राला दिसतो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. तो लेख जगातल्या कोणत्याही शोधयंत्राला सापडणार नाही. पाने छायाचित्रे घेऊन चढवली असतील तर तेवढाही काला नाही, नुसते चित्र.

याची परीक्षा वर्गात करून पाहण्यासारखी आहे. संगणकावरची कोणतीही मराठी पीडीएफ उघडावी, एक ओळ निवडावी, तिची नक्कल कोऱ्या पानावर उतरवावी. ओळ जशीच्या तशी उतरली तर त्या पुस्तकात शोध चालेल. काला उतरला तर ते पुस्तक यंत्राच्या दृष्टीने मुके आहे. वेलांट्या जागा सोडून उतरल्या, जोडाक्षरे फुटली, तर ते मधल्या अवस्थेतले आहे: मजकूर युनिकोडमध्ये लिहिला, पण पीडीएफ करताना अक्षरांऐवजी फक्त आकार साठवले गेले. विद्यार्थ्यांना अक्षर आणि अक्षराचे चित्र यांतला फरक समजवायला याहून चांगला प्रयोग आम्हाला माहीत नाही. खर्च काही नाही.

युनिकोड वापरूनही खोडी उरतातच. 'अॅसिड' आणि 'ॲसिड' हे दोन शब्द जवळून पाहा. पहिल्यात अ वर चंद्र बसवला आहे, म्हणजे २३०९ आणि २३७३ असे दोन क्रमांक. दुसऱ्यात २४१८ हा एकच क्रमांक, आणि तो युनिकोडमध्ये २००८ साली आला. छपाईत फरक कळत नाही, पण अक्षर जुळवणाऱ्या यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. 'दुसऱ्या', 'वाऱ्याचा' यांतला अर्धा र हाही दोन रीतींनी लिहिला जातो. म्हणजे शिक्षकाने एका कळफलकावर लिहिलेला वाऱ्यावरचा पाठ दुसऱ्या कळफलकावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला सापडेलच असे नाही. अशी जुळी रूपे मोजकीच आहेत. शोधण्यापूर्वी ती एकसारखी करून घेण्याची आज्ञा चांगला प्रोग्रामर एका दुपारी लिहील. पण कोणी तरी तक्रार करायला हवी, आणि ज्याला काही सापडत नाही तो तक्रार कशाची करणार?

आता क्यूआर संकेताकडे येऊ, कारण या सगळ्या अडचणींना वळसा घालण्याचा तो एक खरोखर हुशार मार्ग होता आणि तो आपल्याच राज्यात सापडला. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी येथे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत बसवले. मुलाने मोबाइल धरला की त्या पाठाची चित्रफीत, गोष्ट किंवा प्रश्न समोर. शब्द लिहायला नको, ह्रस्व-दीर्घाची भानगड नको. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बालभारतीच्या पुस्तकांतला संकेत आज 'दीक्षा'कडे नेतो. त्याच्या पोटात चित्रफीत नसते, फक्त सहा चिन्हांची एक खूण असते. त्या खुणेमागे काय दाखवायचे हे मंचावर ठरते. छापलेले पुस्तक बदलता येत नाही, खुणेमागचे साहित्य बदलता येते. ही योजना अभियंत्याला शोभेल अशी आहे.

तरीही आम्हाला तिच्यात एक उणीव दिसते. परितेवाडीत संकेत चिकटवणारा, त्यामागचे साहित्य निवडणारा आणि समोरच्या मुलाला ओळखणारा माणूस एकच होता. तिथल्या काही मुलांची मातृभाषा कानडी, हे ध्यानात घेऊन त्याने साहित्य केले. राज्यभर योजना गेली तेव्हा संकेत गेला, हे नाते गेले नाही. जाणे शक्यही नव्हते. मग त्याची भरपाई शोधाच्या सोयीने करायला हवी होती. 'दीक्षा'वर साहित्याची मांडणी मंडळ, माध्यम, इयत्ता आणि विषय या चार खणांत आहे. पाठाची उजळणी करणाऱ्याला हे खण उत्तम. पण कुतूहल इयत्तेप्रमाणे चालत नाही. मिठागराबद्दल विचारणाऱ्या आठवीच्या मुलीला उत्तर सहावीच्या भूगोलाच्या खणात असू शकते, आणि तिथे डोकावायचे तिला सुचणार नाही. मीरा-भाईंदर महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा माध्यमांच्या आहेत. एकाच गल्लीत क्रिकेट खेळणारी चार मुले चार खणांत विभागली जातात, आणि एकाच्या खणातली चांगली चित्रफीत दुसऱ्याला दिसत नाही. संकेत हे पाठ क्रमांक सातचे दार आहे. ज्याच्या हातात ते पुस्तक नाही, किंवा ज्याचा प्रश्न सातव्या आणि आठव्या पाठांच्या मध्ये पडतो, त्याच्यासाठी दार नाही.

सापडल्यानंतर देण्याचा प्रश्न येतो. देणे म्हणजे आजकाल व्हॉट्सॲपवर पुढे पाठवणे. बालभारतीचे पुस्तक उतरवून घेतले तर फाइलचे नाव म्हणून एक लांबलचक क्रमांक मिळतो. ती फाइल चार वर्गांच्या गटांत फिरून आठवड्याने परत आली की, ती कोणत्या विषयाची, कोणत्या इयत्तेची, हे उघडल्याशिवाय कळत नाही. शिवाय पूर्ण पुस्तक एका फाइलीत; एका आकृतीसाठी सगळे पुस्तक पाठवायचे. फाइलऐवजी पत्ता पाठवावा तर मराठी पत्त्याची गंमत पाहा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि पत्त्याची नक्कल केली की अनेकदा प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन आकडे-अक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो. 'मिठागर' मध्ये काना-वेलांटी धरून सहा चिन्हे आहेत. त्यांचा पत्ता होतो चोपन्न खुणांचा. असा पत्ता फळ्यावर लिहून देता येत नाही आणि वाचून सांगता येत नाही. मुलाला वाटते, हे काही तरी बिघडलेले आहे, उघडू नये.

वजनाचाही विचार व्हावा. पानभर मराठी मजकूर, म्हणजे दोनेक हजार चिन्हे, सहा किलोबाइटमध्ये मावतो. त्याच पानाचे छायाचित्र सहज काही शे किलोबाइटचे होते. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि त्यातली रोजची मर्यादा मोठ्या भावाने दुपारीच संपवलेली आहे, तिथे हा फरक वाचण्या-न वाचण्याचा असतो. मजकूर मजकूर म्हणून ठेवला तर तो शोधता येतो, हलका होतो आणि अंध विद्यार्थ्याला यंत्राकडून वाचून घेता येतो. एका कृतीत तीन कामे होत असताना आपण छायाचित्रे का चढवत बसतो, हे आम्हाला उमगलेले नाही.

मग परवानगी. बालभारतीच्या पुस्तकाच्या आरंभी छापलेली सूचना वाचावी. पुस्तक कोणीही फुकट उतरवून घ्यावे, पण लेखी परवानगीशिवाय त्यातला भाग उद्धृत करू नये, असा तिचा अर्थ होतो. वर्गात शिकवण्यासाठी नक्कल करण्याची मोकळीक १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातल्या ५२ व्या कलमाने शिक्षक-विद्यार्थ्यांना दिलेली आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये छायाप्रतींच्या प्रसिद्ध खटल्यात तिचा उदार अर्थ लावला. पण त्या मोकळिकीत वर्गाबाहेरच्या, सर्वांना खुल्या पानावर आकृती ठेवणे बसते की नाही, याची खात्री सामान्य शिक्षकाला कशी व्हावी? तो घाबरतो आणि बंद गटात गुपचूप पाठवतो. शेजारच्या गोव्याचे उदाहरण याउलट आहे. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. नाव सांगा आणि वापरा, पुढे द्या. कोंकणीला परवडले ते मराठीला परवडू नये असे काही कारण दिसत नाही.

बंद गटांबद्दल आणखी थोडे बोलायला हवे, कारण सापडणे आणि देणे या दोन गोष्टी इथे एकमेकींत गुंततात. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये जी शोधपद्धती मांडली तिचे मर्म असे की, एखाद्या पानाकडे इतर किती पाने बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारी पाने स्वतः किती मान्यतेची आहेत, यावरून त्या पानाचे महत्त्व ठरवायचे. आजची शोधयंत्रे इतरही पुष्कळ गोष्टी पाहतात, पण हे तत्त्व त्यांच्यात अजून आहे. आता आपले पाहा. चांगला मराठी लेख मिळाला की शिक्षक तो गटात टाकतो. चाळीस जणांना तो मिळतो, चार दिवसांत वर सरकून दिसेनासा होतो. शोधयंत्राला त्या गटात शिरकाव नाही, म्हणून एवढ्या कौतुकाची एकही खूण महाजालावर उरत नाही. त्या लेखाकडे बोट दाखवणारे कोणी नाही, म्हणून तो खालच्या पानावर राहतो. खाली राहतो म्हणून पुढच्या शिक्षकाला सापडत नाही. सापडत नाही म्हणून तो म्हणतो मराठीत काही नाही. मराठी संकेतस्थळेही एकमेकांकडे फारशी बोट दाखवत नाहीत. प्रत्येकाला वाचक आपल्याच अंगणात हवा असतो.

कोणी म्हणेल, हा सगळा खटाटोप आता कशाला? मुले प्रश्न विचारतात आणि बोलकी यंत्रे उत्तरे देतात. खरे आहे. पण ती यंत्रेही महाजालावरचा वाचता आलेला मजकूरच खाऊन शहाणी झालेली असतात. ज्या पुस्तकाच्या पोटात काला आहे ते त्यांच्याही पोटात गेलेले नाही. त्यामुळे मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा इंग्रजीतून उलथून आणलेले असते, आणि त्यात भाईंदरचे मिठागर किंवा उत्तनचे तिवर असण्याचा संभव कमी.

अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळाचा उल्लेख आरंभी केला तो मुद्दाम. दिसायला ते साधे आहे, जवळजवळ जुनाट. पण तिथे नाव नोंदवावे लागत नाही, परवलीचा शब्द नाही, प्रत्येक पुस्तकाला स्वतःचा पत्ता आहे, आणि घ्या, वाटा असा मोकळा भाव आहे. भारी संकेतस्थळे आली, निधी संपल्यावर ओस पडली. हे साधे दुकान चालू राहिले. संकेतस्थळ बांधणाऱ्या समित्यांनी अर्धा तास तिथे घालवला तर त्यांचा बराच खर्च वाचेल.

सरकारी कामाची वाट पाहायची ती पाहूच, पण शाळेला काही गोष्टी आजही करता येतील. शाळेचे एक साधे, सर्वांना उघडे पान असावे. बंद गटात जे जे चांगले येते त्याचा पत्ता तिथे एका ओळीच्या परिचयासह ठेवावा. परिचयात पुस्तकी संज्ञा, गावातला शब्द आणि सामान्यरूप अशी तिन्ही यावीत: 'मीठ कसे तयार होते, मिठागरातले बाष्पीभवन, मिठाचे स्फटिक'. एवढ्याने 'मीठ' शोधणारा आणि 'मिठागर' शोधणारा दोघेही एका जागी पोचतात. फाइल पाठवताना तिचे नाव आधी मराठीत लिहावे: विषय, इयत्ता, पाठ. आणि नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. आपल्या परिसरातल्या झाडांची, माशांची, मातीची, वाऱ्यांची, अवजारांची घरी बोलली जाणारी नावे गोळा करायची, प्रत्येकाच्या पुढे पाठ्यपुस्तकातली संज्ञा लिहायची, आणि संज्ञा व नाव तंतोतंत एकाच अर्थाची आहेत की नाहीत हे जीवशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकांकडून तपासून घ्यायचे. तिवर आणि कांदळ यांचा घोटाळा तिथेच सुटेल. तपासलेल्या नावांची पुनर्निर्देशने मराठी विकिपीडियावर विद्यार्थ्यांनाच करता येतात.

मीठ पिकवणाऱ्यांच्या बोलीत कप्प्यांना, बांधांना, पाण्याच्या दाटपणाच्या पायऱ्यांना स्वतंत्र शब्द आहेत. ते जाणणारी माणसे आता वयस्क झाली आहेत. भाईंदर, उत्तन, वसई, उरण या भागांतल्या ज्या शिक्षकांना असे शब्द मिळतील त्यांनी ते अर्थासह या मासिकाकडे जरूर पाठवावेत. आलेली यादी, पाठवणाऱ्या शाळांच्या नावांसह, युनिकोडमध्ये आणि कोणत्याही परवानगीच्या अटीशिवाय खुली करण्याची जबाबदारी आम्ही घेऊ.